पट्ट्याची भोकं

शिंपी खाटेवर उताणा होता. पाठीला आधार देणाऱ्या पट्ट्याशिवाय उठून बसायला त्याला सक्त मनाई होती. खचलेला मणका नसांवर दाबला गेला असता तर दोन्ही पाय कायमचे लुळे पडले असते. म्हणून पट्टे बनवणारा कारागीरच वॉर्डात आला होता.

"आडव्या गिऱ्हाइकाचं माप आयुष्यात कधी घेतलं नाही बुवा," शिंपी म्हणाला. "तुमचा धंदा अवघड."

खाटेशेजारी उभी असलेली त्याची मुलगी हसली, जरा जास्तच. फुप्फुसातला कॅन्सर मणक्यात उतरलाय, हे तिने वडिलांना कळू दिलं नव्हतं. स्टुलावरून पडल्यामुळे हाड मोडलंय, मशीनचे दहा शेक घेतले की भरून येईल, एवढंच सांगितलं होतं. दाराबाहेर कारागिरालाही तिने बजावलं होतं, "दादा, त्यांच्यासमोर अवाक्षर काढू नका." कारागिराला त्याचं नवल नव्हतं. बहुतेक जण हेच बजावत.

नर्सच्या मदतीने त्याने शिंप्याला अलगद कुशीवर वळवलं, खाली पट्टा सरकवला, पुन्हा उताणं केलं. मुलगी औषधं आणायला गेली. कारागिराने बकलाशी खूण केली आणि पक्कड काढून भोकं पाडायला घेतली. खुणेवर एक. मग घट्ट करायच्या बाजूला, बोटबोट अंतरावर, चार. सैल करायच्या बाजूला एकही नाही.

शिंपी बघत होता. चाळीस वर्षं त्याने शाळेचे गणवेश शिवले होते आणि प्रत्येक विजारीत दोन बोटं कापड जास्तीचं दुमडून ठेवलं होतं. पोरं वाढतात.

"आणि मी जाड झालो तर?" त्याने विचारलं.

कारागीर पक्कड पुसत राहिला. खोटं बोला म्हणून सांगितलं असतं तर तो बोललाही असता. त्याला गप्प राहायला सांगितलं होतं.

शिंप्याने एकेका भोकावरून बोट फिरवलं. तो घाबरला होता, आणि ते लपत नव्हतं.

"मग आणखी दोन पाडून ठेवा," तो शेवटी म्हणाला. "पोरीला परत खेप नको."

कारागिराने घट्ट करायच्या बाजूलाच आणखी दोन पाडली.

मुलगी औषधं घेऊन आत आली. "बसला का नीट, बाबा?"

"अगदी बेतून शिवल्यासारखा," शिंपी म्हणाला, आणि चादर वर ओढून त्याने भोकं झाकली.