हातातून हातात

"अन् आडवंतिडवं झालं तर?" कमलनं विचारलं.

ही तिची दहावी शंका असेल. लय दुखतं का, किती वेळ लागतो, नाळ कशानं कापतात, कितव्या दिवशी चालता येतं. आई नसलेल्या पोरीनं विचारायचं तरी कुणाला? म्हणून तर पहिलटकरीण असून बाळंतपण सासरी होतं. सगुणाबाई सुईणीनं तिच्या पोटावर हात ठेवून एकेक उत्तर दिलं. ब्लेड नवं आणायचं, दोरा उकळायचा, फडकी कडक उन्हात वाळवायची. सरकारी शिबिरात मिळालेली पत्र्याची पेटी तिनं उघडूनही दाखवली.

"तसं काई वाटलं तर मी लपवायची न्हाई. गाडीत घालायचं अन् परभणीचा दवाखाना गाठायचा."

"गाडी जुपूनच ठेवतो," दारातून कमलचा नवरा पंडित म्हणाला.

मग सगुणाबाई सासूकडं वळली. केशरबाई चार हात लांब बसल्या होत्या.

"मालकीणबाई, आता माझा एक सवाल. बाळ कुठं ठेवायचं?"

"कुठं म्हंजे? सुपात, सगुणे. नेहमीसारखं."

नेहमीसारखं म्हणजे असं: बाळ सगुणाबाईच्या हातात जन्मायचं, तिनंच ते पुसायचं, आणि भुईवरच्या सुपात ठेवून मागं सरायचं. मग घरातलं कुणीतरी पाणी शिंपडून त्याला उचलायचं. तिच्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला त्याला बावीस वर्षं झाली, पण सूप काही जागचं हललं नाही. तीस वर्षांत निम्मं गाव तिनं सुपात ठेवलं होतं. पंडितलाही.

"ह्या बारीला सुपात न्हाई ठेवायची मी. माझ्या हातातून तुमच्या हातात. कबूल असंल तर सांगावा धाडा."

केशरबाईंचा चेहरा उतरला. लय शहाणी झालीस, असं अगदी ओठावर आलं असणार. त्यांनी सुनेच्या पोटाकडं पाहिलं आणि नुसती मान डोलावली. सगुणाबाईचे पाय घरी जाताना जमिनीवर ठरेनात. मग तिला स्वतःचाच राग आला. एवढ्याशा मान डोलावण्यानं आपण इतकं हरखून जावं?

पंधरा दिवसांनी विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. वस्तीतली घरं जळाली, त्यात सगुणाबाईचं छप्परही गेलं. पेटी तेवढी बाहेर काढता आली. पोलिसांच्या गाड्या येऊ नयेत म्हणून गावातल्या पोरांनी ओढ्यावरचा लहानसा पूल पहारींनी फोडून टाकला.

त्यानंतर आठव्या दिवशी सकाळी केशरबाईंचा सांगावा आला.

"जाऊ नको," सगुणाबाईचा नवरा भुजंग म्हणाला. "कुणाच्या घरी चाललीस, कळायलंय का तुला?"

"पोरीसाठी चाललेय," ती म्हणाली आणि पेटी उचलली.

दुपारपर्यंत तिला कळून चुकलं. बोटांना लागली ती टाच होती.

"लेकरू पायाळू हाय, पाय आधी यायलेत. अन् पोरीचं पहिलंच. माझ्या एकटीच्यानं व्हायचं न्हाई. गाडी काढा."

गाडी जुपलेलीच होती. पंडितनं शब्द पाळला होता. कमलला घेऊन बैल वेशीबाहेर गेले आणि घटकाभरात माघारी आले. ओढ्याला पाणी होतं आणि पूल नव्हता. पंडितनं गाडी गोठ्यासमोर उभी केली. पहार त्याच्याच गोठ्यात, भिंतीला टेकवलेली होती.

सगुणाबाईनं ती पाहिली.

"उतरवा तिला," ती म्हणाली.

दिवस मावळता मावळता कमल सुटली. ती वाचली. बाळाचे पाय आले, धड आलं आणि डोकं अडकून राहिलं, फार वेळ. सगुणाबाईनं त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. पुन्हा घातली. मुलगा होता. श्वास नव्हता. तिनं त्याला नीट पुसून काढलं आणि उन्हात वाळवलेल्या फडक्यात गुंडाळलं.

तेवढ्यात दार ढकलून केशरबाई आत आल्या. पदर खोचलेला, दोन्ही हात पुढं केलेले. दिलेला शब्द त्या विसरल्या नव्हत्या.

"द्या सगुणाबाई," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात द्या."

तीस वर्षांत ह्या घरात तिला कुणी बाई म्हटलं नव्हतं. सगुणाबाईनं त्या हातांकडं पाहिलं. ते तिच्या हातांपासून वीतभर अंतरावर आले होते. पहिल्यांदा हातातून हातात द्यायचं, ते असं निपचित लेकरू? तिनं बाळ छातीशी घट्ट धरलं.

"मालकीणबाई," ती म्हणाली, "सूप आणा."