पाच माणसांचा शो

“पाच माणसं जमली तरच शो लावू,” उल्हासनगरच्या थिएटरचा मॅनेजर नाथाभाऊंना म्हणाला. सोबत त्यांच्या सोसायटीच्या गेटवर रानभाज्या विकणारी ठमी होती. ज्या मराठी पिक्चरचा हा शो होता, त्यात तिनं छोटंसं काम केलं होतं. आज स्वतःला पडद्यावर बघायला नवं लुगडं नेसून आलेली. येरझाऱ्या घालत भाऊंनी बदलापूरच्या सिनेमावेड्यांच्या ग्रुपमधल्या सनीला फोन लावला. “पटकन ये, तिकीट मी काढतो!” “काका, शुक्रवारी ग्रुपवर तुम्हीच लिहिलंत ना, रडका पिक्चर, कुणी जाऊ नका?” आणखी तिघांनीही तेच ऐकवलं. शो रद्द झाला. ठमी मात्र हसली. “ऱ्हाऊ दे भाऊ. तुमी तं बघलाय ना? शेवटाला मी शेतात भात लावते, कशी दिसते सांगा.” ग्रुपवर पहिलं मत आपलंच पडावं म्हणून भाऊ शुक्रवारी मध्यंतरातच उठून आले होते.