हिरवं कुंकू

“नवरीच्या कपाळाला हिरवं कुंकू? कुशा, डोळं फुटलं काय तुझं?”

साहेबरावांचा आवाज चढला तसे मांडव घालणारे गडी हातातलं काम टाकून भिंतीपुढे गोळा झाले. लेकीचं लग्न परवावर आलेलं. घराच्या दर्शनी भिंतीवर नवरा-नवरी, दोन हत्ती, केळीचे खुंट आणि ओळीनं पोपट काढलेले. पोपट तांबडे होते. केळीची पानंही तांबडी. “केळीला आग लागली रं,” कुणीतरी म्हणालं आणि सगळे खदखदून हसले. साहेबराव तेवढे हसले नाहीत.

“आत्ताच्या आत्ता चुना मारून टाक. लग्नाच्या घरात असला अपशकुन नको.”

कुशाबा मान खाली घालून उभा राहिला. वीस वर्षं तो मुळशी खोऱ्यात लग्नाच्या भिंती रंगवत होता. त्याच्या हातच्या हत्तीला तोड नव्हती. पण तांबडं कुठलं नि हिरवं कुठलं, हे त्याच्या डोळ्यांना कधी उमगलंच नव्हतं. त्याला दोन्ही एकाच मातकट रंगाची दिसायची. हे ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, चांगुणाला. ती शेजारी बसून हवा तो डबा त्याच्या हातात द्यायची. लोक म्हणायचे, काय जोडी हाय! आता ती लेकीच्या बाळंतपणाला कासारसाईला गेली होती, आणि डब्यांवरचे कागद रंगाच्या ओघळांखाली कधीच बुजले होते. कुणाला विचारावं, तर इतकी वर्षं झाकून ठेवलेलं उघडं पडणार. त्यानं अंदाजानं रंगवलं होतं.

चुना कालवून त्यानं कुंचला बादलीत बुडवला, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “अहो, थांबा! थांबा!”

गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक तिशीतला माणूस धापा टाकत आला. जयसिंग त्याचं नाव, कोल्हापूरचा. जुनी देवळं, गढ्या, वाटेत दिसतील त्या रंगवलेल्या भिंती, यांचे फोटो काढत तो गावोगाव हिंडायचा. सकाळपासून गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात होता आणि आता पौडची एस.टी. गाठायला निघाला होता.

“एस.टी. चुकेल की पाहुणं,” कुणीतरी सांगितलं.

“चुकू द्या!” भिंतीवरची नजर न काढता तो म्हणाला. “ही सोंड बघा. एका दमात ओढलीय. कुठं हात उचललेला नाही. आणि नवरीची मान! लाजलेली मान अशी एका रेघेत धरणं म्हणजे चेष्टा आहे का?”

त्यानं गुडघे टेकून फोटो काढला. मग मांडवासमोरच्या बैलगाडीवर चढून काढला. रोल संपला तसा बाहीच्या आडोशाला धरून दुसरा भरला. गड्यांचं हसू हळूहळू थांबलं. तेही आता सोंड कुठून कुठं गेलीय ते बोटानं एकमेकांना दाखवू लागले.

कुशाबाला मात्र ते झोंबत होतं. शहरातला माणूस आपली मजा करतोय, असं त्याला वाटलं.

“सायेब, उगा चेष्टा करू नका गरिबाची. नवरीच्या कुंकवाकडं बघा की जरा.”

जयसिंगनं कुंकवाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “अगदी भुवयांच्या मधोमध आहे,” तो जपून म्हणाला. “काय चुकलं त्यात?”

पुन्हा हशा पिकला. कुशाबा मात्र हसला नाही. तो जयसिंगच्या तोंडाकडे बघत राहिला. कुणी रंगाचं काही विचारलं की आकाराचं बोलून वेळ मारून न्यायची, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तेवढ्यात घरातून जया आली. परवाची नवरी हीच. तिच्या हातात कुंकवाचा करंडा होता.

“आबा, चुना न्हाई मारायचा. पार कोल्हापूरचा माणूस एस.टी. सोडून आपली भिंत बघतोय.” तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि चित्रातल्या नवरीच्या कपाळावर टेकवलं. रंग अजून ओलसर होता. कुंकू चिकटून बसलं. “झालं की! आन् तांबडं पोपट काय, माझ्या लग्नाला नटून आल्यात.”

साहेबरावांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा कॅमेऱ्याकडे. मग चुन्याची बादली पायानं बाजूला सारली आणि पटक्याचा शेमला नीट केला.

“पाहुणं, हत्तीशेजारी माझाबी एक निघंल का?”

निघाला. मग गड्यांचा निघाला. करंडा हातात धरून चित्रातल्या नवरीशेजारी उभ्या असलेल्या जयाचाही निघाला. सगळ्यांत शेवटी जयानं कुशाबाला हाताला धरून भिंतीपुढे उभं केलं, “कुशातात्या, आता तुमी,” आणि आयुष्यात पहिल्यांदा कुशाबाचा फोटो निघाला.

चहा होईपर्यंत दोघं मांडवाच्या मागच्या बाजूला, लग्नाच्या भाजीच्या पाट्यांपाशी टेकले. आसपास कुणी नव्हतं. कुशाबानं पाटीतली टमाटी दाबून बघत एक पिकलेलं नि एक कच्चं उचललं आणि जयसिंगपुढे धरलं.

“सायेब, राग मानू नका. ह्यातलं पिकल्यालं कंचं, सांगा बघू.”

जयसिंग एका टमाट्याकडून दुसऱ्याकडे बघत राहिला. मग त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि हलकेच एकेक दाबून पाहिलं, अगदी कुशाबा दाबून बघायचा तसंच.

“हे,” तो म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना. “काळापांढरा रोल काय उगीच घालतो होय मी?”