खाचांची काठी
“कुशल वारस नसल्यामुळे चार पिढ्यांचा हा शिडाच्या होड्यांचा कारखाना बंद करण्यात येत आहे,” अशी सूचना वडिलांनी दारावर लावली. मजकूर सुबक होता. फक्त खरा नव्हता. शेवटच्या अकरा होड्या त्यांच्या लेकीनेच बांधल्या होत्या. हरवली होती ती पणजोबांची मापाची काठी: तिच्यावर आकडे नव्हते, नुसत्या खाचा, कोणती फळी कुठे वाकवायची हे त्याच सांगत. काठीवाचून वर्षभरात एकही होडी उभी राहिली नव्हती. फळ्या वाफवण्याची भट्टी शेवटची साफ करताना लेकीला राखेत काठीचे पितळी टोपण सापडले. तिने ते वडिलांच्या तळहातावर ठेवले. “बाबा, काठी स्वतःच्या पायांनी भट्टीत गेली का?” त्यांनी मूठ मिटली. “माझ्या होड्यांत पाणी शिरायचं, तुझ्या होड्यांत नाही. गिऱ्हाईकं मलाच विचारायची, ‘मुलीनं बांधलेली आहे ना?’ म्हणून जाळली मी.”