उतईची अर्धी शपथ

उतई गावाजवळच्या झुंजीत दोन्ही कोंबडे वाचले. पण उतईजवळ झुंज नव्हतीच, असं तिथे हजर असलेले साठ-सत्तर लोक सांगतात. तेव्हा आपणही काही झालंच नाही असं धरून चालू.

रविवारी दुपारी वीटभट्टीमागच्या मैदानात माणसांचं रिंगण होतं. बहुतेक सगळे भिलाईच्या स्टील प्लांटमधले. मधे केवलराम आपला तांबडा लाल्या काखेत धरून उभा, समोर काळा कोंबडा घेतलेला बबलू. दोघांच्या मधे रामाजी उकिडवा बसून काती पुसत होता. काती म्हणजे कोंबड्याच्या पायाला बांधायची बोटभर सुरी. ती बांधली की झुंज लवकर आटपते. मेलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या घरी जातो आणि त्याचा रस्सा होतो.

एवढ्यात केवलरामची मुलगी उन्नती स्कूटर लावून थेट रिंगणात आली. ती प्लांटच्या सेफ्टी विभागात होती.

"बाबा, लाल्याले द्या इकडे."

"कावून?"

"मांजराच्या तोंडातून काढला मी त्याले. हळद लावून जगवला. अन् तुम्ही सुरीवर देऊन राहिले?"

"मर्द आहे तो. लढते तो."

"मग काती तुमच्या पायाले बांधा नं."

लोक हसले. केवलराम हसला नाही. "घरी जाय, पोरी. शब्द दिला मी बबलूले."

"केवलभाऊ, डर गए क्या?" बबलू म्हणाला.

रामाजीने लाल्याचा पाय हातात घेतला.

उन्नतीने बापाकडे पाहिलं, मग गर्दीकडे पाहिलं. हेल्मेट डोक्यावरच होतं. तिने त्याचा पट्टा कसला आणि छाती भरून ओरडली, "सुरक्षा शपथ! सावधान! दाहिना हाथ आगे!"

प्लांटमध्ये पाळी सुरू व्हायच्या आधी रोज हेच होतं, नोकरी लागल्यापासून. साठ-सत्तर उजवे हात एका झटक्यात पुढे आले. केवलरामचा आला, बबलूचाही आला. रामाजीच्या हातातली काती धुळीत पडली. सुपेला बाजारातला एक कापडवाला जन्मात प्लांटमध्ये गेला नव्हता. त्याने आधी डावा हात पुढे केला, मग आजूबाजूला बघून बदलला.

कोंबडे खाली उतरले. त्यांनी अंग झाडलं, एकमेकांना एकदा नीट पाहून घेतलं आणि दोघं मिळून रामाजीच्या उघड्या डब्यातला भात खायला लागले.

"हम शपथ लेते हैं," उन्नती म्हणाली.

"हम शपथ लेते हैं," मैदान म्हणालं.

"कि अपने साथी को..."

"कि अपने साथी को..."

"साबुत घर पहुँचाएँगे."

सांगता सांगता तिने लाल्याला उचललं. काळ्यालाही उचललं. "कि औजार का गलत इस्तेमाल नहीं करेंगे," म्हणत दोघांना, माना बाहेर ठेवून, पिशवीत घातलं. लोक मागोमाग म्हणतच होते. रामाजीचा आवाज सगळ्यात मोठा होता.

मग तिने पिशवी स्कूटरला अडकवली आणि गेली. शपथेच्या शेवटी 'जय हिंद' म्हणायचं असतं. ते तिने म्हटलंच नाही.

धूळ खाली बसली. हात तसेच.

"हाथ नीचे ले लो ना," बबलू पुटपुटला.

"पहिले तू घे," केवलराम म्हणाला.

"मेरा प्रमोशन अटका है, भैया."

"मग 'जय हिंद' तरी म्हण."

"ज्याने दिली त्यानेच संपवायची," रामाजी म्हणाला. "रूल आहे."

कोणीतरी चहा मागवला. सगळ्यांनी डाव्या हाताने प्याला. ऊन कलायला लागलं, तेव्हा केवलरामने डाव्याच हाताने मोबाइल काढला, घसा साफ केला आणि सेफ्टी विभागाला अत्यंत शुद्ध भाषेत संदेश बोलून पाठवला:

"महोदय, सविनय विनंती की, आपल्या विभागाची शपथ अर्धवट राहिल्याने काही कर्मचारी उभे आहेत. तरी सक्षम अधिकाऱ्यास तातडीने पाठवून सदर शपथ विधिवत समाप्त करावी. ठिकाण कोणते, आणि आम्ही येथे कशासाठी जमलो, हे कृपया विचारू नये."