सभेस येणारी सासू

धुरपदाबाई आजही आल्या. विहाराच्या अंगणात सुनांचे कोंडाळे जमले होते. त्याच्या कडेला, निंबाच्या सावलीत, त्या आपल्या सुनेच्या, बबिताच्या, पाठीशी येऊन थांबल्या. बबिताने त्यांच्यासाठी पोते अंथरले, त्यांच्या हातची पिशवी आपल्याकडे घेतली, आणि मग ती स्वतः भुईवर टेकली.

राणीसावरगावापलीकडल्या त्या खेड्यात कार्यकर्ती धम्मशीला महिन्यातून दोनदा सभा घेई. गर्भ ठेवावा की न ठेवावा, गर्भाशयाची पिशवी काढावी की न काढावी, हे कोणी ठरवायचे, याविषयी ती बोले. श्रोत्या साऱ्या सुनाच. सासवा दुरूनच नाक मुरडीत. अंगणात पाऊल ठेवणाऱ्या सासूबाई या एकट्याच, आणि त्याही वरल्या आळीच्या, एरवी विहाराकडे कधी न फिरकलेल्या. या का येतात, या कुतूहलाने धम्मशीलेच्या मनात घर केले होते.

"मावशी, चहा घ्या," ती म्हणाली. तिची स्वतःची चाळिशी उलटली होती. तरी सुनेला नावाने आणि सासूला मावशी म्हणून हाक मारायची, ही गावची रीत ती पाळी.

"नको माय. चहा सोडलाय मी."

बबिताने सासूच्याही वाट्याचा चहा पिऊन टाकला आणि विचारले, "ताई, घरधन्याची सही लागती का?"

"न्हाई लागत. बाई सज्ञान असली की तिची एकटीची सही पुरे."

"अन् गावात कळतंय का?"

"दवाखान्याला नाव बाहेर सांगता येत न्हाई. कायदाच तसा हाय. सुनेचं पोट सुनेचं. त्याच्यावर दुसऱ्याचा हुकूम चालत न्हाई." शेवटचे वाक्य धम्मशीलेने धुरपदाबाईंकडे पाहूनच उच्चारले.

"सुनेचं पोट सुनेचं, मंग सासूचं ओ?" सुलाबाई म्हणाली. कोंडाळ्यातली तोंडाळ ती.

"सासूचं भाकरीपुरतं," दुसरीने जोड दिली.

अंगण हसले. धुरपदाबाईही हसल्या, पण जराशा उशिरा.

प्रत्येक उत्तरानंतर बबिता मान वळवून सासूकडे पाही. धुरपदाबाईंची पापणी लवे, मग बबिता पुढचा प्रश्न विचारी. हे धम्मशीलेने नेमके टिपले. अशी नजर तिने पूर्वी पाहिली होती. गेल्या साली राजेश्री नावाची सून तिच्यासोबत दवाखान्याच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि सासूच्या एका शब्दाने माघारी फिरली. पुढे उसाच्या फडातच तिचे दिवस भरले; मूलही राहिले नाही, तीही राहिली नाही. या खेपेस तसे होऊ द्यायचे नाही, असा धम्मशीलेने निश्चय केला.

सभा उठल्यावर तिने बबिताला हापशीपाशी एकटे गाठले.

"किती झालेत?"

"दुसरा सरत आलाय." बबिताने हापशीचा दांडा धरला. "दसरा झाला की ऊसतोडीची टोळी निघती. आमच्या घरातून नवरा-बायकोच्या दोन जोड्या. त्याच्या आत मोकळं व्हायला पायजे, ताई. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं म्हंजे जिवावरचं काम."

"ठेवायचं न्हाई, हे कुणी ठरवलं?"

"जिचं तिनं."

आपलेच शब्द परत ऐकून धम्मशीलेला समाधान वाटले. तरी शंका पुरती फिटली नाही. "सासूला माहीत हाय?"

बबिता गालात हसली. "त्यांना कळल्याबिगर कसं व्हईल, ताई?"

"मग गंगाखेडला एकटीच ये. त्यांना नको आणू."

"आँ? त्या तर येणारच." तिने इकडेतिकडे पाहिले. "तुमी दवाखान्याच्या दारापातुर काई इचारू नका. मला शपथ घातलेली हाय."

शपथ. धम्मशीलेने ओठ आवळले. शपथ कोणी घातली, हे विचारण्याची तिला गरजच वाटली नाही.

ठरल्या दिवशी सकाळच्या एसटीने तिघी निघाल्या. "मानवतला पाहुण्याकडे जायलाव," असे घरी सांगितले होते. बबिताने खिडकीची जागा सासूला दिली आणि आपण कडेला अवघडून बसली. पुढल्या बाकावरून धम्मशीला मधूनमधून मागे वळून पाही. वाटेत एकदा धुरपदाबाईंनी विचारले, "डाक्टरीणबाई हायती का, का पुरुष?"

"बाईच हायती, मावशी. पण तुमाला त्यांच्याशी काय बोलायचंय?"

धुरपदाबाई खिडकीबाहेरच्या कपाशीकडे पाहू लागल्या.

सरकारी दवाखान्यात गर्दी बेताचीच होती. बाकावर सासू, सून आणि तिच्या मांडीवर जपून धरलेली पिशवी. धम्मशीला दाराशी उभी राहिली. आत पहिला पाय बबिताचाच पडला पाहिजे, दुसऱ्या कोणाचा नव्हे, अशी तिने मनाशी खूणगाठ बांधली होती.

परिचारिकेने दार उघडले. "आत एकट्या बाईनंच यायचं. सोबतच्यांनी बाहेर थांबा."

धम्मशीला याच वाक्याची वाट पाहत होती. धुरपदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, तशी ती त्यांच्यापुढे आडवी झाली.

"मावशी, तुमी बसा. जिचं तिला बोलू द्या."

"बोलतेच की."

"नाव काय? वय?" आतून विचारणा झाली.

"धुरपदा लिंबाजी," धम्मशीलेच्या खांद्यावरून त्यांनी उत्तर दिले. "चाळीसला एक कमी."

बबिता बाकावरून हललीसुद्धा नव्हती.

"ताई, वाट सोडा त्यांची," ती हलकेच म्हणाली. "मी निस्ती सोबतीला आलेय."