कपाटाचा आखूड पाय

महिन्याभरात चष्मेवाल्याने स्वतःचाच नंबर चौथ्यांदा बदलला, तरी डोळ्यांपुढचं धुकं हटेना. डोळे लाल, नजरेत काळे ठिपके. शेवटी कपाटाला धडकून चार फ्रेम फोडल्या, तेव्हा स्वारी मुकाट्याने दवाखान्यात गेली. कपाट तसं जुनंच डुगडुगणारं. दाराच्या फटीतून कधीकाळी आलेलं कसलंसं हिरवं छापील कार्ड न वाचताच घडी करून त्याने आखूड पायाखाली खुपसलं होतं.

डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. "काका, नंबरचा दोष नाही. सिफिलिस आहे. डोळ्याच्या आत सूज आलीय. दोन आठवडे शिरेतून पेनिसिलिन देऊ. वेळेत आलात, दिसेल."

"अहो, माझं लग्नसुद्धा झालेलं नाही."

बाईंनी रिपोर्ट त्याच्यापुढे सरकवला.

"एकच होती," तो हळूच म्हणाला. "बावीस वर्षं झाली त्याला."

"हा आजार तेवढी वर्षं गपचूप पडून राहू शकतो."

ती त्याच्या दुकानासमोरच्या टपाल कचेरीत कामाला होती. अक्षर मुंगीएवढं. "तुझ्या अक्षरावर माझं दुकान चालतं," असं तो चिडवायचा आणि ती पोट धरून हसायची. एका रविवारी ती बदली घेऊन निघून गेली. ना निरोप, ना चिठ्ठी. ते त्याच्या जिवाला लागलं ते लागलंच. अजून पाच वाजले की त्याची मान आपसूक कचेरीच्या दाराकडे वळायची.

सलाईन लावून पडल्या पडल्या त्याला तिचा राग आला नाही. तिचेही डोळे गेले असतील तर? काही झालं तरी तिला गाठायचंच, त्याने ठरवलं. एकदा तरी तिला डोळे भरून बघायचं होतं.

चौदाव्या दिवशी त्याला भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचता आल्या. डॉक्टरबाईंनी खणातून एक जाड कार्ड काढून त्याच्या हातात ठेवलं.

"हे त्यांना पोचवा. यावर पाठवणाऱ्याचं नाव नसतं. नुसतं 'तपासणीला या, खोली नंबर सात'. तोंडाने सांगायला जीभ रेटत नाही ना कुणाची. आमच्याकडची फार जुनी पद्धत आहे ही."

कार्ड हिरवं होतं.

तो उठला तो थेट दुकानात. कपाटाला खांदा लावून त्याने पायाखालची घडी ओढून काढली. रंग विटला होता. खोली नंबर सात.

मागे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: 'शनिवारी बाहेरच्या बाकावर थांबते. आलास तर बदली घेणार नाही.'